खुर्चीवरचे शंभर वॅट

हिऱ्याच्या टूलनं तांबं कापलं की जी तार निघते, ती केसापेक्षा बारीक असते. कापताना डोळ्यांना दिसतही नाही. महिनाभरानं मशीनखालचा ट्रे ओढला की त्यात मूठभर लालसर कापूस साठलेला असतो आणि आपण म्हणतो, अरे, हे कधी झालं? आमच्या वर्कशॉपमधल्या गोष्टींचंही तसंच आहे. घडताना कुणी लक्ष देत नाही. मग कुणी पाहुणा येतो, चहा होतो, अनिसभाई म्हणतात, "मॅडम, ती एसटीची सांगा की," आणि ट्रे ओढला जातो. पाहुणे हसतात. पहिल्या तीन-चार गोष्टींपर्यंत हसतात. त्याच्या पुढच्या मी सहसा सांगत नाही. आज सांगते.

आधी माणसं. आम्ही चारच होतो. गिरीशभाऊ मालक. पुण्यात वीस वर्षं मशीनच्या धंद्यात काढून परभणीला परत आले, कारण जिंतूर रोडला वडिलांचं एक पत्र्याचं गोदाम रिकामं पडलं होतं. अनिसभाई इलेक्ट्रॉनिक्सवाले. मोटर, सेन्सर, कॉम्प्युटर सगळं त्यांच्याकडे. सखाकाका फिटर, बोरीचे. दगड हातानं घासून काचेपेक्षा सपाट करणारा दुसरा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आणि मी डिझाइनर, पालमची. वयानं सगळ्यांत लहान, तरी सगळे मला मॅडम म्हणायचे.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या मागे लाल चमकणारी पट्टी असते ना, तिच्यात मोहरीपेक्षा लहान तीनकोनी खड्डे असतात, हजारो. प्रत्येकाच्या तिन्ही भिंती आरशासारख्या. गाडीचा उजेड आत शिरतो, तिन्ही भिंतींवर आपटतो आणि आला तसा परत जातो. ह्या पट्टीचा मूळ साचा म्हणजे तांब्याची एक प्लेट. तिच्यावर तीन दिशांनी हिऱ्यानं बारीक चरे कापले की ते खड्डे तयार होतात. असे चरे कापणारं मशीन बाहेरच्या देशातून येतं. गिरीशभाऊंना ते परभणीत बनवायचं होतं. आणि सखाकाकांना ती पट्टी जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या ट्रॉल्यांना लागलेली बघायची होती. एवढं एकच त्यांचं मागणं होतं आणि ते पहिल्या दिवशीच त्यांनी सांगून टाकलं होतं.

*

सुरुवातीला कुठल्याशा योजनेचे एक मोठे साहेब बघायला आले. गिरीशभाऊंनी शेडच्या पार टोकाच्या भिंतीवर बाहेरच्या देशातली एक पट्टी चिकटवली, शटर पाडून अंधार केला आणि बॅटरी स्वतःच्या कपाळाशी धरली.

"बघा साहेब, कशी पेटली!"

साहेब चार पावलं बाजूला उभे होते. ते म्हणाले, "कुठं? मला तर काळीच दिसायलीय."

गिरीशभाऊ समजावायला लागले. "साहेब, ज्यानं उजेड टाकला त्याच्याच डोळ्यांत तो परत येतो. बाजूच्याला दिसत नाही. तेच तर ह्याचं वैशिष्ट्य."

"म्हणजे फायदा एकट्या तुमाला," साहेब म्हणाले. "मग सरकारनं कामून मदत करायची?"

गिरीशभाऊंचा चेहरा अंधारातही उतरलेला कळला. तेवढ्यात सखाकाका पुढे झाले, मालकाच्या हातातली बॅटरी काढून घेतली आणि साहेबांच्या हातात देऊन त्यांचा हात कानशिलाशी नेऊन ठेवला. "आता बगा."

साहेब एक पाऊल मागे सरले. भिंतीवर विस्तव पडला आहे असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी बॅटरी बंद केली, चालू केली, परत बंद केली. चालू केली. मदतीचं काय झालं ते विचारू नका. बॅटरी मात्र साहेब सोबत घेऊन गेले.

*

आता एसटीची. मशीनचा पहिला सांगाडा उभा राहिला, आम्ही पहिली प्लेट कापली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. चरे सरळ हवेत, तर त्यांच्यावर मधूनमधून बारीक लाटा. मी आठवडाभर माझं डिझाइन तपासलं. मोटर बदलली, बेअरिंग बदललं, जेवणावरची वासना गेली. लाटा तिथंच.

शेवटी अनिसभाईंनी प्रत्येक लाट कुठल्या वेळी उमटली ते काढलं आणि कागद घेऊन बाहेर रस्त्यावर जाऊन बसले. दुपारी परत आले.

"मॅडम, ही प्लेट न्हाई. एसटीचं टाइमटेबल हाय."

आमच्या दारासमोर एक गतिरोधक होता. जिंतूरची एसटी त्याच्यावरून आदळली की जमीन हलायची आणि हिरा थरथरायचा. साडेदहाची गाडी तिसऱ्या चऱ्यावर, सव्वाबाराची नवव्या. एक लाट ठरल्या वेळेपेक्षा बरीच उशिरा उमटली होती. अनिसभाई म्हणाले, "ही परवाची. टायर पंक्चर झालतं, मी चौकशी करून आलो."

आम्ही पोट धरून हसलो. मग गिरीशभाऊ म्हणाले, "ह्यात काय एवढं? मी उद्या अर्ज देतो, ब्रेकर काढून घेऊ."

काका हातातलं फडकं पिळत होते. ते म्हणाले, "ब्रेकर काढायचा न्हाई."

"अहो काका, पण मशीन..."

"मशीन हलवा. ब्रेकर ऱ्हाऊ द्या. माझा दत्ता ह्याच रोडवर गेला. तितं ब्रेकर न्हवता आन् उजेडबी न्हवता."

दत्ता त्यांचा एकुलता एक मुलगा. वर्कशॉपमध्ये हे फक्त गिरीशभाऊंना माहीत होतं आणि तेच विसरले होते. त्यानंतर अर्जाचं नाव कुणी काढलं नाही. मशीनच्या पायाचा दगड हवेच्या फुग्यांवर तरंगता ठेवण्याचं डिझाइन करण्यात माझे पुढचे चार महिने गेले. एसटी आजही आदळते.

*

मशीनच्या पायाला काळ्या दगडाची शिळा आहे. तिच्यावर सरकणारा भाग शिळेला टेकत नाही, हवेच्या पातळ थरावर तरंगतो. फट किती? वहीच्या एका पानाची जाडी घ्या, तिचे वीस भाग करा. त्यातला एक.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात, मशीनला हळदकुंकू वाहतात, झेंडूचा हार घालतात. गिरीशभाऊंनी आठ दिवस आधीच पाटी लावली: मशीनला कुणीही काहीही वाहू नये. काकांनी नट-बोल्टचे पाने, हातोडी, पक्कड पाटावर मांडून त्यांची पूजा केली आणि मशीनच्या जागी माझं ड्रॉइंग ठेवलं. आमच्या घरी पूजा नसते, बुद्धवंदना असते. पण स्वतःच्या ड्रॉइंगला हार घातलेला पाहून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दसऱ्यानंतर हवा सुरू केली, तर सरकणारा भाग अशी किंकाळी मारून थांबला की रस्त्यावरचं कुत्रं उठून गेलं. काकांनी उघडून बॅटरी मारली. काळ्या शिळेवर लाल रेघ. बोटभर लांब, आणि तिच्या खाली ओरखडा.

चौघं एकमेकांकडे बघायला लागलो. अनिसभाईंचा प्रश्न नव्हता, माझा नव्हता. काका असं करणं शक्य नव्हतं. गिरीशभाऊंनी अंगठा खिशात घातला.

"चिमूटभर होतं हो काका. आई म्हणाली, नव्या मशीनला तसंच ठेवू नये..."

काकांनी त्या ओरखड्यावरची बॅटरी बंद केली. मग म्हणाले, "मालक, फट किती हाय ते देवाला म्हाईत हाय. तुमालाबी म्हाईत पायजे."

ही गोष्ट मी इथंच थांबवत असे. पाहुणे हसत उठत. पण ओरखडा घालवायला काका दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत त्या शिळेवर वाकून होते. हातानं घासायचं, हाताच्या उबेनं दगड फुगतो म्हणून चार तास थांबायचं, मोजायचं, परत घासायचं. त्याच दिवसांत ते म्हणायला लागले की पाठीत दुखतंय. आम्ही म्हणालो, वाकून वाकून दुखणारच. कुणालाही तसंच वाटलं असतं. गिरीशभाऊ अजून स्वतःला माफ करत नाहीत, आणि मी त्यांची समजूत काढत नाही, कारण मीही तेच म्हणाले होते.

*

आता वॅटची गोष्ट. ही समजली नाही तर पुढचं काही कळणार नाही.

मशीनच्या खोलीचं तापमान अंशाच्या शंभराव्या भागानंही हलू द्यायचं नसतं. छतात हीटर आहे, तो कमीजास्त होऊन खोली जागेवर ठेवतो. आणि नुसतं बसलेलं माणूस साधारण शंभर वॅटच्या बल्बएवढी ऊब टाकतं. माणूस आत गेलं की हीटर तेवढा उतरतो. बाहेर अनिसभाईंच्या पडद्यावर आकडा दिसतो.

तारेचा गुंता हिऱ्याला अडकतो का बघायला आत एक माणूस बसावं लागायचं. आम्ही सगळ्यांना बसवून पाहिलं. अनिसभाई एकशे चाळीस. "बिर्याणीचे चाळीस," काका म्हणाले. गिरीशभाऊंचा आकडा ठरेचना, कारण ते दर मिनिटाला उठून डोकावत. मी पंच्याऐंशी. "मॅडम, जेवत जा." आणि काका बरोब्बर शंभर. बसले की मांडी हलायची नाही, मान हलायची नाही. पिकावर बसलेल्या पाखरालासुद्धा ते माणूस वाटले नसते. खुर्ची त्यांची झाली.

मग मशीनची चूक मोजायचं काम सुरू झालं. प्रत्येक मशीन कुठे ना कुठे कणभर वाकडं जातंच. ते आधी मोजून ठेवायचं आणि कापताना तेवढं वजा करायचं. हा चुकांचा नकाशा करायला दोन महिने लागले. ते दोन महिने काका खुर्चीवर होते. झाल्यावर आम्ही पेढे खाल्ले, पहिली छोटी प्लेट कापली आणि ती आरशासारखी निघाली. काका तिच्यात तोंड बघून म्हणाले, "म्हातारा झालो की मी."

दुसऱ्या दिवशी काका चहाला उठले असताना कापलं, तर प्लेट वाया.

माझ्या तेव्हा ध्यानात आलं. खोली रिकामी ठेवून मोजायचं असतं, कुठल्याही पुस्तकात पहिल्या पानावर हे लिहिलेलं असतं. मी काकांना बसवून मोजलं होतं. शिळेचा जो कोपरा खुर्चीजवळ होता, तो काकांच्या उबेनं जरासा फुगलेला होता आणि नकाशात ते फुगणं धरलेलं होतं. आमच्या मशीनला काका लागत होते. चूक माझी, बाकी कुणाची नाही.

अनिसभाईंनी तोडगा काढला. काका उठले की खुर्चीवर शंभराचा जुन्या पद्धतीचा बल्ब लावायचा. असा बल्ब आता कुठे मिळतो? कोंबड्यांची पिल्लं उबवायला लागतो, म्हणून जिंतूरला पोल्ट्रीच्या दुकानात मिळाला. उजेड नको म्हणून त्याच्यावर तेलाचा डबा काळा रंगवून पालथा घातला. काका तो बघून म्हणाले, "बरं हाय. बदलीवर माणूस आला."

*

एक दिवस अनिसभाई पडद्याकडे बघून म्हणाले, "काका आज एकशे चौदा दाखवायलेत."

सेन्सर तपासला. तार तपासली. मग मी खोलीच्या फोनवरून काकांना विचारलं, "काका, बरं आहे ना?"

"लय बरं हाय."

"ताप आहे का?"

"थोडी कणकण हाय. तुमाला कोण सांगितलं?"

हीटरनं सांगितलं होतं. असा ताप त्या महिन्यात तीनदा आला, तिन्ही वेळा मशीनला आधी कळलं. चौथ्या वेळी गिरीशभाऊंनी त्यांना गाडीत घातलं आणि नांदेडला दाखवलं. दुखणं पाठीचं नव्हतं. पोटात गाठ होती आणि ती वाढून गेली होती. डॉक्टरांनी जे महिने सांगितले ते एका हाताच्या बोटांवर मोजता येत होते.

मी म्हणाले, रिकाम्या खोलीचा नवा नकाशा करू. गिरीशभाऊंनी विचारलं, किती दिवस? दोन महिने. मग मोठी प्लेट कापायला नऊ दिवस, तीही पहिल्या झटक्यात जमली तर. मग साचा, मग पट्टी. काकांना पट्टी बघायची होती. आम्ही जुनाच नकाशा ठेवला.

पण काका शंभर राहिले नाहीत. ब्याण्णव झाले, अठ्ठ्याऐंशी झाले. माणूस आटायला लागलं की त्याची ऊबही आटते, हे मला शिकवलेल्या कुठल्याच विषयात नव्हतं. अनिसभाईंनी बल्बला रेग्युलेटर बसवला आणि डबा खुर्चीखाली सरकवला. काका जेवढे कमी, तेवढा बल्ब जास्त. दोघं मिळून शंभर. दाराजवळच्या पांढऱ्या फळ्यावर अनिसभाई रोज सकाळी लिहायचे: काका ८१, बल्ब १९. काका ७४, बल्ब २६.

काका फळ्यासमोर उभे राहून म्हणाले, "अनिस, म्हंजी रोज थोडा थोडा मी डब्यात जायलोय."

अनिसभाई आत जाऊन तोंड धुऊन आले.

*

मी मग एक पाइप बसवला. हिऱ्याच्या टोकापाशीच तार ओढून घेणारा. हवा ओढली की हिरा हलतो, म्हणून त्याचं तोंड सतरा वेळा बदललं. जमलं. आता आत माणसाची गरज नव्हती, बल्ब पूर्ण शंभरावर ठेवला की झालं. मी मोठ्या आनंदानं काकांना दाखवलं.

काका पाइपाकडे बघत राहिले. "मला घरी बसवायला केलाव का हे?"

"काका, तुम्हाला आराम मिळावा म्हणून..."

"आराम हायच की पुढं. भरपूर."

मला रडू आलं. रागही आला, इतके दिवस मरमर केली ती कोणासाठी? मी बाहेर पायरीवर जाऊन बसले. थोड्या वेळानं काका आले, भिंतीला हात लावत खाली टेकले. त्या दिवशी मला त्यांनी पहिल्यांदा पोरी म्हटलं.

"पोरी, तुला वाटतंय मी मशीनपायी बसायलोय. तसं न्हाई. ऐक. कापसाची ट्रॉली घेऊन मी जिंतूरला चाललो होतो. माझीच ट्रॉली. रस्त्यात टायर फुटलं. दिवस बुडाला होता. सगळे करतात तेच मी केलं. ट्रॉलीच्या मागं मोठाली दगडं मांडली, बाभळीची फांदी लावली, आन् जॅक आणाया दुसऱ्याच्या गाडीवर बसून बोरीला आलो. इकडं दत्ता मोटारसायकल घेऊन मला हुडकाया निघाला. बाप अजून आला न्हाई म्हून. आमी वाटंत चुकलो. मी घरी, आन् तो रोडवर."

काका रस्त्याकडे बघत होते.

"ट्रॉलीवर नंतर गेला तो. आधी दगडावर. दगडं म्या मांडली होती, पोरी. नीट. एकाला एक लावून."

रस्त्यावरून एसटी गेली. काका उठले आणि आत जाऊन खुर्चीवर बसले. पाइप चालूच होता. मी बल्ब कमी केला.

*

मोठ्या प्लेटचा दिवस ठरला. नऊ दिवस मशीन थांबवायचं नाही, दार उघडायचं नाही. मध्ये थांबलं तर परत सुरू करताना हिरा पहिल्या जागी येत नाही, प्लेटवर पायरी पडते आणि सगळं तांबं भंगारात. त्या दिवशी सकाळी काकू, म्हणजे सखाकाकांची बायको, त्यांना धरून घेऊन आल्या. काका आत गेले. डबा खुर्चीखालून काढून खुर्चीवर ठेवला. डोक्यावरची टोपी काढली आणि डब्यावर घातली.

"आता नऊ दिवस हेच सखाराम."

बाहेर आल्यावर अनिसभाई फळ्यापाशी मार्कर धरून नुसतेच उभे होते. काकांनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतः लिहिलं: काका ०, बल्ब १००.

मग आमच्याकडे वळले. "काय बी झालं तरी थांबवायचं न्हाई. कोणी बोरीला पळायचं न्हाई. कबूल करा."

आम्ही कबूल केलं. काय करणार होतो?

सातव्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. गिरीशभाऊ ऐकता ऐकताच मशीन बंद करायच्या बटणापाशी गेले. अनिसभाईंनी त्यांचा हात धरला. दोघंही हमसून रडत होते आणि हात सोडत नव्हते. फोन चालूच होता. त्यातून काकूंचा आवाज आला, "चालू हाय ना? चालू ऱ्हाऊ द्या. त्यांनी लय बजावून सांगितलंय."

दोघं बोरीला गेले. एवढा शब्द मोडला. कुणीतरी मशीनजवळ थांबायलाच हवं होतं, मी थांबले. काचेतून आत बघत बसले. हिरा जात होता, येत होता. खुर्चीवर डबा, डब्यावर टोपी. पडद्यावरचा आकडा सकाळपासून एका अंकानंही हलला नव्हता. मी आयुष्याची सहा वर्षं ज्या मशीनला दिली, त्याचा मला त्या दिवशी भयंकर राग आला.

प्लेट निघाली. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर गिरीशभाऊंनी विचारलं, "कशी आहे?" मी सातवा दिवस शोधत होते. काकूंचा फोन आला तेव्हाचा चरा, काकांना नेलं असेल तेव्हाचा चरा. सुरुवातीच्या एका प्लेटवर एसटीचं पंक्चर टायरसुद्धा उमटलं होतं. ह्या प्लेटवर काही नव्हतं. एक केसभर रेघ नव्हती.

"चांगली आहे," मी म्हणाले.

*

पट्टीचा पहिला गुंडाळा आला तेव्हा सोयाबीन निघून गेलं होतं. आम्ही तिघं बोरीला गेलो. काकूंनी चहा केला. गिरीशभाऊंनी गुंडाळा त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी बोट फिरवून पाहिलं, आणि उठून आम्हाला मागच्या लांबलचक पत्र्याच्या शेडात घेऊन गेल्या. तिथं ती ट्रॉली होती. फुटलेलं टायर तसंच. ती विकायची गोष्ट त्या घरात कधी निघाली नव्हती.

"लावा," काकू म्हणाल्या.

अनिसभाईंनी मागचं फाळकं पुसलं, गिरीशभाऊंनी पट्टी सरळ धरली, मी दाबून चिकटवली. काकूंनी घरातून काकांची बॅटरी आणली. शेडाचं दार ओढून घेतलं. आत मिट्ट अंधार झाला.

"कपाळाशी धरा काकू," मी सांगितलं. "डोळ्याच्या जवळ."

त्यांनी धरली. आम्ही तिघं बाजूला, भिंतीशी. आम्हाला नुसती काळपट पट्टी दिसत होती.

"तुमाला दिसायलंय का?" काकूंनी विचारलं.

"न्हाई काकू," अनिसभाई म्हणाले.

"मला दिसायलंय."

त्या एक पाऊल मागे सरकल्या. "दिसायलंय." आणखी एक. "दिसायलंय." बॅटरी कपाळाशी तशीच. एकेक पाऊल, तोंड ट्रॉलीकडे, पायांखाली न बघता. अंधारात त्यांच्या चपलांचा आवाज लांब लांब जात होता आणि दर पावलाला तो एकच शब्द येत होता. मग त्यांची पाठ दाराच्या पत्र्याला लागली आणि पत्रा वाजला.

"दार उघडा," काकू म्हणाल्या. "मला अजून मागं जायचंय."